वचनामागची माता

माझ्या नवऱ्याला एक खोड होती. ती मी त्याच्या हयातीतच मोडून काढली असती, तर पुढचा प्रकार झालाच नसता.

आमचं फ्रेमचं दुकान आहे. लोक फोटो आणतात, प्रमाणपत्रं आणतात, भरतकाम आणतात आणि देवाच्या तसबिरी आणतात. नवी तसबीर मढवून घेतली की जुनी माझ्याच टेबलावर ठेवून चालू लागतात. आमच्या धर्मात जुनी तसबीर कचऱ्यात टाकत नाहीत, जाळत नाहीत, पाण्यातही सोडत नाहीत. मग तिचं करायचं काय? प्रत्येकाला वाटतं, फ्रेमवाले बघतील काहीतरी. नवरा बघायचा. पुठ्ठ्यावर डकवलेली ती जुनी तसबीर तो मापात कापायचा आणि दुसऱ्याच कुठल्यातरी चित्राच्या पाठीला लावून मोकळा व्हायचा. कुणाच्या आरशामागे, कुणाच्या पदवीमागे, दातांच्या डॉक्टरकडच्या जहाजाच्या चित्रामागे. तोंड नेहमी पुढे, कारण देवाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं नाही. आणि पुठ्ठ्याच्या मागच्या अंगाला पेन्सिलीने लिहून ठेवायचा, कोण आणि कुणाकडची.

"अरे, लोकांना विचार तरी," मी म्हणायचे.

"देवाला घर मिळालं, घराला देव मिळाला. कुणाचं काय बिघडलं?" असं म्हणून हसायचा. मीही हसायचे, तेव्हा सगळा दोष त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही.

तो जाऊन सहा वर्षं झाली. दुकान मी चालवते.

त्या मंगळवारी सकाळी व्याही आले. चादरीत गुंडाळलेली मोठी फ्रेम तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरलेली. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. नवऱ्याने त्यांचं नाव 'ओळंबा' ठेवलं होतं. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. उभे राहिले की सरळ, बोलले की सरळ, आणि समोरच्याचं वाकडं असलं की यांना दारातूनच दिसणार. त्यांच्या लोकांच्या प्रार्थनाघरात सगळ्यांच्या पुढे उभं राहून प्रार्थना म्हणण्याचा मान त्यांचा. पंचवीस वर्षांत तो मान दुसऱ्या कुणाकडे गेलेला नाही.

त्यांच्या धर्मात मूर्ती नाही, तसबीर नाही. माणसाचा फोटोसुद्धा घरात ठेवत नाहीत. प्रार्थनाघरात समोर पांढरी भिंत आणि त्या भिंतीवर काचेत मढवलेलं, मोठ्या अक्षरांतलं एक वचन: 'तू दिसत नाहीस, म्हणून तू कुठे नाहीस असं होत नाही.' बस्स.

मुलांचं लग्न ठरताना यावरूनच आमची जुंपली होती. "रंगीत कागदापुढे हात जोडायला माझी मुलगी शिकणार नाही," असं ते म्हणाले. मी कसली ऐकून घेते! मी म्हटलं, "आणि माझा मुलगा रिकाम्या भिंतीशी गप्पा मारणार नाही." शेवटी मुलांनीच तोडगा काढला. घरात माझ्या खोलीत माझ्या मातेची तसबीर, त्यांच्या खोलीत भिंती कोऱ्या, आणि बाहेरच्या खोलीत फक्त घड्याळ. अकरा वर्षं ते घड्याळ बघून आम्ही सगळे सुखाने जेवतोय.

लग्नानंतर ओळंब्याने मनाचा मोठेपणा दाखवला होता. भिंतीवरचं ते वचन त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या विहिणीने, जाड हातकागदावर लिहून दिलं होतं. तिचं अक्षर असं की बघणाऱ्याची मान आपोआप सरळ व्हावी. ते मढवायला त्यांनी माझ्या नवऱ्याकडे दिलं. त्यांच्यातल्या काहींनी कुरकुर केली, तसबिरीवाल्याच्या दुकानात आपलं वचन कशाला? तेव्हा हे सर्वांसमोर म्हणाले होते, "तो माझा व्याही आहे. जबाबदारी माझी."

चार वर्षांपूर्वी विहीण गेली. तिचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. आहे तो हा कागद.

"समोरच्या भिंतीला ओल आलीय," फ्रेम टेबलावर ठेवत ते म्हणाले. आवाज खाली गेला होता, कारण भिंत त्यांनीच बांधलेली. "काचेच्या आत पाणी धरलंय. कागद वाचवा."

मी फ्रेम उलटी केली. पाठीला खाकी कागदाची पट्टी, कोपरे आत दुमडून चिकटवलेले. नवऱ्याचा हात. आणि मला एकदम त्याची खोड आठवली.

"तुम्ही चहा घेऊन या की कोपऱ्यावरून," मी म्हटलं.

"झाला चहा."

"मग दुपारी या. वेळ लागेल याला."

"लागू दे. मी बसतो." स्टूल ओढून बसलेच. "विहीणबाई, हा कागद मी नजरेआड करत नाही. बसने आणला नाही, चालत आणला."

काय करणार? मी मनात नवऱ्याला म्हटलं, एवढ्या एका ठिकाणी तरी तू शहाणपणा केलेला असू दे. पट्टी कापली. पकडीने बारीक खिळे एकेक करून उपटले. पट्टी बाजूला झाली आणि पुठ्ठ्यावरची पेन्सिल दिसली. 'माता. बेकरीवाल्या आजींची. पायाकडे फाटलीय.'

मी त्यावर तळहात ठेवला.

"हात काढा," ओळंबा म्हणाला.

"पुठ्ठा आहे."

"मला वाचता येतं, विहीणबाई."

मी हात काढला. त्यांनी वाचलं. पुठ्ठ्याच्या कडेने मातेच्या वस्त्राची लाल किनार बोटभर बाहेर आली होती, ती पाहिली. उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि बसले. माणसाचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "शंभर माणसं मागे घेऊन मी हिच्यापुढे उभा राहिलो."

मी नवऱ्याची खोड सांगितली. जहाजाच्या चित्राचं सांगितलं, आरशांचं सांगितलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, देवाला चांगली जागा मिळावी एवढंच होतं, हेही सांगितलं.

"आमच्या घरात? न विचारता?"

कोंडीत सापडले की मला राग येतो, हा माझा जुना आजार.

"एवढं काय आभाळ कोसळलं?" मी म्हटलं. "तुमच्या मते रंगीत कागदच ना तो? मग कागदामागे कागद होता. संपलं."

"माझ्या मते कागद. तुमच्या मते नाही ना?" ते शांतपणे म्हणाले. "तुमचा देव तुम्ही आमच्या भिंतीवर लपवून ठेवलात. समजा मी तुमच्या मातेच्या तसबिरीवर चुना फासला असता आणि वर तसाच कागद लावून ठेवला असता, तर? रागवायचं कुणी, सांगा."

त्यांचं बरोबर होतं. मला नवऱ्याची लाज वाटली. गेलेल्या माणसाची लाज वाटणं फार वाईट. तो उत्तर देऊ शकत नाही आणि आपण त्याला झापू शकत नाही.

"काढते," मी म्हटलं. "काढते आणि नवा पुठ्ठा लावते. कुणाला कळायचं नाही."

"मला कळलंय."

पुठ्ठा उचलायला मी कडेला कागद सोडवायची पातळ पाती घातली आणि थबकले. पुठ्ठा हलेना. ओलीने तसबिरीचा रंग सुटला होता आणि वचनाच्या कागदाच्या पाठीला डिंकासारखा धरला होता. माता आणि वचन एकमेकांना चिकटली होती. वरून ओढलं तर कागद फाटणार, अक्षरं गेली. कागद वाचवायचा तर एकच रस्ता, मागून मातेला खरवडून काढायचं. पुठ्ठा, मग कागद, मग रंग. हात, वस्त्र, तोंड.

मी त्यांना तसं सांगितलं, आणि पुढे म्हटलं, "माझ्याच्याने व्हायचं नाही."

माझ्याच्याने खरंच होणार नव्हतं. रोज सकाळी त्याच चेहऱ्याशी मी बोलते. मुलाच्या तापात त्याच डोळ्यांकडे बघत रात्रभर बसले होते. नवरा गेला तेव्हा भांडलेही तिच्याशीच. त्या तोंडावर पाती कशी चालवायची?

"द्या इकडे," ओळंबा म्हणाला. पाती घेतली, वाकला. चाळीस वर्षं थापी चालवलेला हात. पण पाती पुठ्ठ्याला लागायच्या आत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती टेबलावर ठेवली.

"तुमच्यासमोर नाही जमणार मला," म्हणाले.

मग आम्ही दोघं म्हातारी माणसं त्या फ्रेमच्या दोन बाजूंना नुसती बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत बसलो असतो. पण तेवढ्यात सून माझा डबा घेऊन आली. ती पलीकडच्या दवाखान्यात नर्स आहे, मधल्या सुट्टीत येते. मला ती 'सासूबाई' म्हणते. आधी चेष्टेत म्हणायची, मग तेच राहिलं.

"बाबा, तुम्ही इथे? काय झालं?"

दोघंही एकदम बोलायला लागलो. मी मोठ्याने, ते हळू. तिने दोघांचं ऐकलं. फ्रेमची पुढची बाजू जराशी उचलून वाकून पाहिली, आईचं अक्षर होतं तिथे. तिचे डोळे भरले, पण आवाज नेहमीचाच राहिला.

"आधी ही ओळ सोडवा," ती म्हणाली. "भांडण कुठे पळून जात नाही."

"कोण सोडवणार?" मी म्हटलं.

"जखमेवर पट्टी चिकटली तर आम्ही ओढत नाही. भिजवतो आणि थांबतो. ज्याचा हात हलका तो काढतो." माझ्याकडे बघितलं. "सासूबाई, तुमच्यापेक्षा हलका हात या गावात कुणाचा आहे?"

"तुला माहितीय ती माझी कोण आहे."

"माहितीय," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हीच काढा. परक्याने काढण्यापेक्षा." डबा ठेवून ती कामावर गेली.

मी हात धुतले. टीपकागद पसरून त्यावर वचन पालथं घातलं. मग हात जोडले. ओळंब्याने तोंड फिरवलं. तिटकारा नव्हता त्यात, मला एकटं सोडलं होतं त्यांनी. मी मातेला म्हटलं, बाई गं, त्या बाईचं दुसरं काहीच उरलेलं नाही. तुझी हजार रूपं आहेत, तिचं हे एवढंच. मला माफ कर.

आणि सुरू केलं.

पुठ्ठ्याचे पापुद्रे काढले. पेन्सिलीचा वरचा थर मी अख्खा सोडवून बाजूला ठेवला, त्यावर नवऱ्याचं अक्षर होतं. मग तसबिरीच्या कागदाची पाठ आली. स्पंज नुसता ओलसर, शाईपर्यंत पाणी पोचलं तर अक्षरं पसरतील. थांबायचं, बोटाच्या टोकाने चोळायचं, सुटलेला तंतू पातीने उचलायचा, परत थांबायचं. ओळंबा समोरून कागदाचे दोन कोपरे धरून बसला, चुन्याने फुटलेल्या जाड बोटांत, श्वाससुद्धा आवरून. पांढरा कागद झिजला आणि खालून रंग वर आला. लाल वस्त्र गेलं. आशीर्वादाचा हात गेला. मी रडत होते, पण थेंब कागदावर पडू नये म्हणून मान मागे घेऊन रडत होते. एकदा त्यांनी एक हात सोडून खिशातला रुमाल माझ्याकडे सरकवला आणि कोपरा परत धरला.

तोंड सगळ्यात शेवटी आलं. कपाळ गेलं, ओठ गेले, एक डोळा गेला. दुसऱ्या डोळ्यापाशी पाती आली आणि मी थांबले. तो बरोबर वचनाच्या शेवटच्या अक्षराच्या मागे होता.

"इथे कागद पातळ झालाय," मी म्हटलं. "फाटेल."

ते वाकले. कागद पाहिला. माझा हात पाहिला. बराच वेळ पाहिला.

"फाटत असेल तर राहू दे," म्हणाले.

आम्ही कागद सुलटा केला. एकही अक्षर गेलं नव्हतं. त्यांनी बायकोच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं, कागदाला न लावता, वरूनच.

बशीत मातेचे कण साठले होते, लाल, निळे, अंगाच्या रंगाचे. मी ती बशी हातात घेऊन खुळ्यासारखी उभी राहिले.

"याचं आता काय करतात तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत. नवरा असता तर कुणाच्या तरी मागे लावलं असतं."

हे तोंडातून निघून गेलं आणि मी जीभ चावली. पण ओळंबा हसला. आधी नाकातून, मग खांदे हलवत. मलाही हसू फुटलं. रडून लाल झालेले डोळे आणि हातात बशी, अशी मी हसत होते. गिऱ्हाईक आलं असतं तर माघारी गेलं असतं.

"पाय पडू नये, ओल लागू नये, अशी जागा पाहिजे ना?" ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात थापी घेऊन येतो. तोवर सांभाळा."

मी नवा कोरा पुठ्ठा त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंनी दाखवून लावला. फ्रेम छातीशी धरून ते चालत गेले. मला वाटलं, निभावलं. तो डोळा फ्रेमच्या आत गेला, आता आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही. विसरले होते की हा माणूस ओळंबा आहे.

पुढच्या आठवड्यात ते आले, बादली, थापी आणि चार विटा घेऊन. टेबलाच्या वर, छताखाली, जुन्या झरोक्याची एक खाच आहे. तिथे त्यांनी शिडी लावली. मी कण स्वच्छ कापडात बांधून ठेवले होते. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. खाचेत आत सरकवताना क्षणभर थांबले.

"तोंड पुढे वगैरे आता जमणार नाही," म्हणाले.

"चालेल तिला."

ते वीट बसवायला लागले. मी खालून विटा देत होते. काम चालू असतानाच, पाठमोरे, त्यांनी सांगितलं. प्रार्थनेच्या दिवशी त्यांनी सर्वांसमोर उभं राहून अथपासून इतिपर्यंत सगळं बोलून टाकलं होतं. फ्रेम, पुठ्ठा, अकरा वर्षं, खरवडणं आणि उरलेला डोळा.

"कशाला पण?" मी जवळजवळ ओरडले. "कुणी विचारलं होतं?"

"मी जबाबदारी घेतली होती."

"मग? काय म्हणाले?"

"चांगली माणसं आहेत. फार कुणी चिडलं नाही. म्हणाले, तेवढा डोळा काढा आणि वचन परत लावा. मी म्हटलं, तिथे कागद फाटेल." थापीने त्यांनी सांधा भरला. "मग म्हणाले, हा कागद आपल्या भिंतीवर नको, वचन दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. आणि तो कागद तुम्ही घरात ठेवणार असाल, तर तुम्ही पुढे उभं राहू नये. मी कागद घरी नेला. परवा मागच्या ओळीत उभा होतो. मागून भिंत चांगली दिसते. दोन ठिकाणी गिलावा फुगलाय, इतकी वर्षं नाकासमोर होता, दिसला नाही."

माझ्या हातातली वीट तशीच राहिली. पंचवीस वर्षांचा मान. तो कशापायी गेला ते जगात फक्त मला माहीत होतं, आणि गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "कागद फाटला नसता."

त्यांनी थापीच्या दांड्याने वीट ठोकून बसवली.

"तिथे कागद पातळ नव्हता. बाकीच्या जागेएवढाच जाड होता. मला तो डोळा काढवला नाही, म्हणून खोटं बोलले मी. तुम्ही तो कागद आत्ता घेऊन या. मी काढते. शपथेवर काढते, डोळे उघडे ठेवून काढते. मग तुम्ही पुढे उभे राहा."

त्यांनी मान वळवून शिडीवरून माझ्याकडे पाहिलं. मिशीवर चुना उडाला होता.

"चाळीस वर्षं मी भिंती खरवडल्यात," ते म्हणाले. "हात कशाने थांबतो ते मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

"म्हणजे तेव्हाच कळलं होतं?"

"तेव्हाच."

"आणि तरी त्यांना सांगितलंत, फाटेल म्हणून? तुम्ही?"

ओळंब्याने थापी बादलीच्या काठावर पुसली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललेला माणूस दिसतो तसे दिसत होते, थोडे अवघडलेले, थोडे लाजलेले.

"आता तुम्ही तो डोळा काढलात आणि कागद फाटला नाही, तर मी सगळ्यांत खोटा पडेन," ते म्हणाले. "तेव्हा राहू दे. वीट द्या वर."

मी वीट दिली.